दुर्बीण आली मानकोलीला

मानकोलीत काय नाही? नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे. मुंबईच्या घराघरांत उद्या जे जाऊन पडायचे, ते आज रात्री आमच्या उशाशी निजलेले असते: शीतकपाटे, सायकली, साबण, आकाशकंदील. मात्र त्यातले काही हवे झाले, तर मानकोलीकराला ते मानकोलीत मिळेल ही आशा व्यर्थ. गेल्या भाद्रपदात मी एक लहानशी दुर्बीण मागवली. ती नाक्यापलीकडच्याच एका गोदामातून निघाल्याचे मोबाइलवर दिसले. मला वाटले, चहा होईतो येईल. ती आधी नवी मुंबईला गेली, तिथून ठाण्याला, तिथे तिने एक रविवार काढला, आणि चौथ्या दिवशी एका घामाघूम पोराने ती आमच्या दारात आणून टाकली.

पण तिचा प्रवास ही या हकीकतीतली सोपी बाजू. ती बंदुकीवर बसवायची होती.

‘बंदूक’ वाचून दचकू नका. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची, स्प्रिंगची बंदूक ती. परवान्याची भानगड नाही. आमच्या घरात ती शिरली तिला कारण स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या मुलाने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, आणि आमच्या कन्येने त्याच संध्याकाळी आपले भवितव्य ठरवून टाकले. पुढे कॉलेजात गेल्यावर ती एन.सी.सी.त शिरली. अंजली भागवत यांची सुरुवातही कीर्ती कॉलेजच्या एन.सी.सी.तच झाली होती, हे तिने आम्हांला इतक्या वेळा ऐकवले की नाही म्हणायची सोय उरली नाही. सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या: बंदूक कुलपात राहील, आणि कावळ्याकडेसुद्धा रोखली जाणार नाही.

शिकवायला तळमजल्यावरचे सुभेदार मिळाले. फौजेतून निवृत्त झालेले, आता एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार. इमारतीमागच्या भिंतीला वाळूची पोती रचून त्यांनी दहा मीटरचे मैदान उभे केले. उभे कसे राहावे, श्वास कुठे धरावा, चाप ओढायचा नसून दाबायचा कसा, हे ते तासन्‌तास सांगत. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. सुभेदार स्वतः कधी बंदूक खांद्याला लावत नसत.

एके दिवशी कन्या म्हणाली, “बाबा, आता चांगली साइट लागेल. उघड्या साइटवर किती दिवस काढायचे?”

इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे. मनात तात्काळ भाषांतर झाले: साइट म्हणजे नेम धरण्याचे साधन, नळीच्या टोकावर असते ती माशी, आणि माशीहून चांगली ती अर्थातच दुर्बीण. मुलीला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी पुढे तिला काही विचारलेच नाही.

मुंबईच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यापुढे हातभर लांब नळकांडे ठेवले. “तीन ते नऊ, चाळीस.” म्हणजे वस्तू तीनपट ते नऊपट मोठी दिसणार, आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. शेजारी एक मुठीएवढे आखूड यंत्र होते. त्यात भिंगांच्या लांब रांगेऐवजी लोलक बसवून प्रतिमा सुलटी करतात, म्हणून ते इतके लहान. पट एकच, ठरलेली. फुली काचेतच कोरलेली. जीव जडला, पण त्यात डोळा फार जवळ न्यावा लागतो, आणि किमतीत आमची सहकुटुंब कोकण सहल झाली असती. तिसरी दुर्बीण साधी, आखूड, पट कायमची चार, भिंग ३२ मिलिमीटरचे. दुकानदाराने ती दाखवताना तोंड असे केले, की मुलीच्या बापाला गरीब स्थळ दाखवतो आहे.

मी काहीच न घेता घरी आलो आणि सुभेदारांना गाठले.

“चारवालीच घ्या, सर,” ते म्हणाले. “नऊपट दिसतं तेव्हा हात पण नऊपट थरथरतो. आणि शोधताना कागदच सापडत नाही.”

ते खरेच आहे. पट वाढली की दिसणारा तुकडा आकसतो. शिवाय एक सोपा भागाकार आहे. ३२ला चाराने भागले की आठ. मागच्या बाजूने आठ मिलिमीटर रुंदीचा उजेड डोळ्यावर पडतो. दिवसा आपली बाहुली दोन ते चार मिलिमीटरचीच असते, त्यामुळे डोके जरा हलले तरी चित्र मावळत नाही. ४०ला नवाने भागा. साडेचारसुद्धा येत नाहीत.

दुसरी गोष्ट स्प्रिंगच्या बंदुकीची. मोठी रायफल मागे धक्का देते. ही आधी मागे आणि लगेच पुढे, कारण आतला दट्ट्या जाऊन आदळतो. मागचाच धक्का सोसायला घडवलेली उंची दुर्बीणही या उलट्या हिसक्याने खिळखिळी होते. म्हणून खास छऱ्याच्या बंदुकीसाठी केलेली मागावी. अंतराचेही तेच. रायफलीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांना जुळवलेल्या असतात. त्यातून जवळचे पाहिले आणि डोके हलवले की फुली कागदावर सरकते. ड्रायव्हरशेजारी बसून वेगाचा काटा वाचला तर तो भलताच आकडा दाखवतो, तसे. छऱ्याच्या बंदुकीची दुर्बीण जवळच्या अंतराला जुळवतात. दहा मीटरवर तीही जरा धूसर दिसते. पण चारपटीत ते खपून जाते, नऊपटीत नाही.

तर तीन हजारांत ती चारवाली मागवली, आणि वर सांगितलेली यात्रा करून ती आली. मी खोके कन्येच्या हाती दिले. तिने उघडले. तिचा चेहरा पाहून मला विद्यार्थ्यांना गुणपत्रिका देतानाची आठवण झाली.

“बाबा, मी पीप साइट म्हणत होते.”

मग माझे शिक्षण झाले. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुर्बिणीला मज्जाव आहे. मागे बारीक छिद्राची चकती, पुढे कडे. छिद्रातून कडे आणि कड्यात कागदावरचा काळा गोल. तो गोल साडेतीस मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. कुसाळेच्या रायफलीवरही दुर्बीण नव्हती. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत उघड्या साइटचा वेगळा गट असतो, आजवर तिचा सराव त्याचाच चालला होता. हे सगळे नियमात छापलेले होते. छापलेले वाचण्याचा मला पगार मिळतो.

दुर्बीण आठवडाभर कपाटावर पडली. मग एका संध्याकाळी मी सुभेदारांना सरळच विचारले, तुम्ही बंदूक का उचलत नाही? ते बराच वेळ पोत्यांकडे पाहत राहिले. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला होता. लांबचे लख्ख दिसते. पण खाच आणि माशी म्हणजे नुसता धूर. जवळचा चष्मा लावला की माशी दिसते आणि कागद विरघळतो. पलटणीत नेमबाजीचे कप घेतलेला माणूस. “पोरीसमोर कागद चुकला तर तिनं माझं का ऐकावं?” ते म्हणाले.

मी वर गेलो आणि कन्येला एवढेच सांगितले. अर्थ तिने लावला. दुर्बिणीत फुली आणि कागद डोळ्याला एकाच अंतरावर दिसतात; खाच, माशी आणि कागद असे तीन ठिकाणी धावायचे कामच नाही. चाळिशीत माझ्याही चष्म्याने हीच कुरबुर सुरू केली आहे, त्यामुळे मला ते फारच पटले.

दुसऱ्या दिवशी ती दुर्बीण बसवलेली बंदूक घेऊन खाली गेली. “काका, हिचा शून्य जुळवून द्याल? बाबांना जमत नाही.” हे बिनदिक्कत खोटे होते, मी हातही लावला नव्हता. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. मी आकाशकंदिलाची दोरी सोडवू लागलो.

त्यांनी टेबलावर पोते ठेवले, त्यावर बंदूक टेकवली. पहिले तीन छरे ठिपक्याच्या डावीकडे एक सेंटिमीटर बसले. दुर्बिणीची खिटी एक टिचकी फिरवली की शंभर यार्डांवर पाव इंच फरक पडतो; दहा मीटरवर जेमतेम पाऊण मिलिमीटर. सुभेदारांनी ओठांतल्या ओठांत चौदा टिचक्या मोजल्या. मग पाच छरे मारले. कन्या कागद घेऊन धावत आली. पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकत होती.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि बंदूक परत करण्याऐवजी विचारले, “डबीत अजून किती आहेत गं?”

दोनदा चहाची हाक आली तरी कोणी हलले नाही.

पीप साइट मी त्याच रात्री मागवली. किंमत दुर्बिणीच्या दुपटीहून जास्त. तीही मानकोलीच्याच गोदामातून निघाली आहे. हे लिहितो आहे तेव्हा तिचा मुक्काम ठाण्यात आहे.