मधल्या फळीतला डॉक्टर

सॉक्रेटिस म्हटले की तत्त्वज्ञानाच्या तासाचा विषाचा पेला आठवतो. मी लिहिणार आहे तो सॉक्रेटिस ब्राझीलचा. फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळायचा, भरपूर सिगारेट ओढायचा आणि शिक्षणाने चक्क डॉक्टर होता. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापुरात गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. त्यामुळे हे नाव लहानपणीच कानावर पडले होते.

पुढे ते मी घरात हत्यारासारखे वापरू लागलो. माझे वडील गूळ बाजारात हमाली करतात. कॉलेजात पाऊल टाकणारा आमच्या घरातला मी पहिला. पेठेच्या संघात मीही मधल्या फळीत खेळतो, आणि "बॉल खेळून कुणाचं प्वाट भरलंय?" हा आबांचा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. त्यावर माझे उत्तर ठरलेले असे : सॉक्रेटिस डॉक्टरही झाला आणि कप्तानही झाला, दोन्ही जमते! मग एकदा त्याची हकीकत नीट वाचली, आणि हत्यार बोथट झाले.

सॉक्रेटिसचा जन्म 1954 चा, बेलेम शहरातला. वाढला मात्र रिबेराओ प्रेतो येथे. त्याचे वडील रायमुंदो यांना शाळा फारशी मिळालीच नव्हती. मिळेल ते वाचत ते स्वतःच शिकले, सरकारी परीक्षा पास झाले आणि कर खात्यात लागले. घरात त्यांनी पुस्तके जमवली. ग्रीकांच्या प्रेमापोटी थोरल्याचे नाव सॉक्रेटिस ठेवले, पुढच्या दोघांची सोस्थेनिस आणि सोफोक्लिस. 1964 साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा याच माणसाने भीतीने आपले रशियन क्रांतीवरचे पुस्तक जाळले. दहा वर्षांचा सॉक्रेटिस ते पाहत होता. आपल्या राजकारणाची सुरुवात तिथे झाली, असे तो पुढे सांगत असे.

म्हणजे आज मी जे करू पाहतो आहे ते सॉक्रेटिसला करावेच लागले नाही. ते त्याच्या वडिलांनी आधीच करून ठेवले होते. मी स्वतःला कप्तानाच्या जागी पाहत होतो. माझी रांग रायमुंदोंची आहे. हे लक्षात आले त्या दिवशी सरावाला गेलो नाही. "अमक्याने दोन्ही साधले, तुम्हालाही साधेल" असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी त्या अमक्याच्या घरातले पुस्तकांचे कपाट आधी मोजावे, असे माझे नम्र मत आहे.

त्याच्या खेळाविषयी मात्र वाद नाही. वैद्यकीय शिक्षण चालू असताना तो गावच्या बोताफोगो संघातून खेळे. पदवी घेतल्यावर 1978 साली तो साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात गेला. उंची सहा फुटांच्या वर, पावले लहान, अंग वळायला जड. म्हणून तो वळण्याच्या भानगडीतच पडत नसे. टाचेने चेंडू मागे सारायचा, आणि तिथे नेमका आपला गडी असायचा. चित्रफिती पाहाव्यात. धावपळ कमी, पण चेंडू पायाशी येण्यापूर्वीच पुढचा पास ठरलेला. 1982 च्या विश्वचषकात तो ब्राझीलचा कप्तान होता. इटलीशी बरोबरी पुरेशी होती, तरी 3-2 असे हरले. 1986 साली फ्रान्सविरुद्ध त्याचीच पेनल्टी अडवली गेली. विश्वचषक घरात आला तो 1994 मध्ये, धाकटा भाऊ राई याच्या हातून.

माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा पास मात्र मैदानाबाहेरचा आहे. 1982 च्या सुमारास कोरिंथियन्सचा कारभार खेळाडूंनी मतदानावर आणला. सॉक्रेटिस, व्लादिमीर, कासाग्रांदे हे पुढे होते, आणि संचालक आदिल्सन हे समाजशास्त्राचे अभ्यासक असल्याने त्यांचीही साथ होती. सराव केव्हा, सामन्याआधी खेळाडूंना कोंडून ठेवायचे की नाही, नवा गडी घ्यायचा की नाही, हे सारे मताने ठरे. राष्ट्रीय कप्तानाला एक मत, आणि खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्यालाही एकच. देशात तेव्हा लष्करी राजवट होती! नोव्हेंबर 1982 मध्ये राज्यांच्या निवडणुका आल्या तेव्हा 15 तारखेला मत द्या, असे पाठीवर छापून हा संघ मैदानात उतरला. गोलरक्षक लेआओ याला हा कारभार पटत नव्हता. तरी तो त्याच संघातून खेळला. राज्य अजिंक्यपद 1982 आणि 1983, दोन्ही साली त्यांचेच.

एप्रिल 1984 मध्ये साओ पावलोच्या प्रचंड सभेत त्याने जाहीर केले की राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती संमत झाली तर आपण इटलीला जाणार नाही. दुरुस्ती 22 मतांनी हुकली. तो फिओरेंतिनाकडे गेला.

आपल्याकडे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद केल्या, 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली. आमदार निवडण्याइतका मी शहाणा आहे. कॉलेजात मात्र माझे मत अजून कुणी कशासाठीही मोजलेले नाही.

डॉक्टर असूनही दारूने त्याचा घात केला. 4 डिसेंबर 2011 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी तो गेला. त्याच दिवशी कोरिंथियन्सने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या सामन्याआधी खेळाडू त्याच्यासारखीच मूठ वर करून उभे होते.

हे सारे मी एका रात्री आबांना सांगितले. रायमुंदोंची परीक्षा ऐकून ते म्हणाले, "बघ, मग बस की अभ्यासाला." नंतर बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"आनि त्या कापडं सांभाळनाऱ्याचं मत खरंच मोजत हुते?"

"मोजत होते, आबा."

"कप्तानाएवढंच?"

"तेवढंच."

झोपण्यापूर्वी त्यांनी हेच आणखी एकदा विचारले.