रंग नको, सांगाडा दाखवा!

मित्रांनो, मी पक्की कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे या लेखात मध्येच इंग्रजी शब्द आले तर सांभाळून घ्या. तसंही गॅरेजमध्ये कोण शुद्ध मराठी बोलतं? शिवाय विषयही मुलींच्या नावावर सहसा न खपणारा आहे: जुनी गाडी विकत घेण्याआधी तिचा गंज कसा बघायचा. माझं मत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मेसची घंटा ऐकू आली ते निघायला मोकळे. जुन्या गाडीचा रंग, इंजिन, सीट, स्टिरिओ हे सगळं शेवटी बघा. आधी चासी बघा. ती सडलेली असेल तर सौदा मोडा, आणि मोडताना मालकाला कारण दाखवून मोडा.

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एका तरी भिंतीवर लाल रंगाच्या, दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं पोस्टर असतंच. आता अशा गाड्या आपल्याकडे होत्याच किती? पण एक चुलत नातं आपल्याकडे नक्की होतं. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड ही गाडी काढली. तिचं रूप मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचं. तीच गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून आपल्याकडे 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनवली. इकडे ट्रायम्फने हेराल्डचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. म्हणजे एखाद्या वाडीत ताडपत्रीखाली हेराल्ड उभी असेल, तर ती त्या पोस्टरवाल्या गाडीची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे!

हेराल्डची गंमत अशी की तिला वेगळी चासी आहे. मधून लांब जाणारे दोन दांडे, त्यांना बाजूला फुटलेले हात, ज्यांना आउटरिगर म्हणतात, आणि त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. हे सगळं पोकळ चौकोनी पत्र्याचं. पोकळ म्हणजे हलकं आणि मजबूत, हे आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये घोकलंय. पण पोकळ म्हणजे आत पाणी शिरणार, हे पुस्तक ठळक अक्षरात सांगत नाही. रंग बाहेरून लागतो आणि गंज आतून सुरू होतो. पाणी निघून जायला ठेवलेली छिद्रं माती-वाळूने बुजली की मग विचारायलाच नको.

आता काशीदला चला. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचा तो पांढऱ्या वाळूचा किनारा आणि सुरूची झाडं तुम्हाला माहीतच आहेत. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसभावाने, दादाने, तिथल्याच एका वाडीत विकायला असलेली हेराल्ड हेरली. पहिल्या नोकरीच्या तीन वर्षांच्या पगारातून त्याने पैसे साठवले होते. फोटोत गाडी लालचुटूक, आरशासारखी. दादाला वाटत होतं मी सोबत सेल्फी काढायला येतेय. मी बॅगेत टॉर्च, लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक छोटी हातोडी घेतली होती.

किनाऱ्यावर गंज जास्त का, हे वायवात विचारलं तर आपण 'सॉल्ट' म्हणून मोकळे होतो. पण मीठ स्वतः लोखंड खात नाही. गंजाला लागतो पाणी आणि ऑक्सिजन. मिठामुळे ते पाणी विजेचं चांगलं वाहक होतं, क्लोराइडमुळे पत्र्यावरचा संरक्षक थर टिकत नाही, आणि समुद्राचं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच गाडीच्या पोटात चालू असतं. म्हणून वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी 'फार वापरलेली नाही' या कारणासाठी चांगली समजणं चूक आहे. खाऱ्या वाऱ्यात उभं राहणं हाही वापरच आहे!

तर तपासायचं कसं? आधी दारं बंद करून फटी बघा. वरपासून खालपर्यंत फट सारखी हवी. बॉडीच्या खालच्या कडेवर चुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असं समजा. आतल्या मॅट उचला आणि फरशीचा पत्रा हाताने दाबा. मग गाडी उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, पक्के स्टँड लावा किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर न्या. खाली गेल्यावर स्प्रिंग, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जिथे चासीला धरलेत त्या जागा आधी बघा, मग आउटरिगरची टोकं, मग बॉडीचे बोल्ट. हातोडीने हलकेच वाजवा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तर मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. आणि खाली सगळीकडे ताजा काळा डांबरी रंग दिसला तर खूश होऊ नका, तिथेच जास्त वेळ घालवा. स्पिटफायरसारख्या गाडीत तर दाराखालचे पोकळ पत्रेही भार घेतात, तिथला गंज म्हणजे सांगाड्याचाच गंज.

काशीदच्या त्या गाडीचा वरचा रंग खरंच सुंदर होता. खालीही नवाकोरा काळा रंग. गोणपाटावर आडवी होऊन मी मागच्या आउटरिगरवर हातोडी वाजवली, तर आवाज मडक्याचा आला. मालक आजोबांना विचारून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आली ती वाळू आणि गंजाचे पापुद्रे. दुसऱ्या बाजूलाही तेच. मुख्य दांड्यावर दोन थिगळं वेल्डिंग केलेली.

दादाचा चेहरा मला बघवेना. तो म्हणाला, "अगं, पत्राच तर आहे! वेल्डिंग मारू. दहा जणांनी असंच केलंय." वाचकांपैकीही अनेकांचं हेच मत असणार, म्हणून याला नीट उत्तर देते. दार, बॉनेट, मडगार्ड सडलं तर खर्च होतो, जीव जात नाही. चासीचं तसं नाही. दोन मिलिमीटरच्या पत्र्यातला एक मिलिमीटर गंजाने खाल्ला, तर त्या पोकळ नळीची वाकण्याला तोंड द्यायची ताकद साधारण निम्मी होते. त्यात गंजाचे खड्डे म्हणजे भेगेला आयतं आमंत्रण. आणि थिगळ ज्या पत्र्याला जोडायचं तोच कागदासारखा झाला असेल तर वेल्डिंग धरणार कशाला? बॉडी उतरवून, सडलेला भाग कापून, मोजमापाने नवा बसवता येतो, नाही असं नाही. पण ते काम गाडीच्या किमतीवर जातं. ते करायची तयारी असेल तर जरूर घ्या, पण तो हिशेब सौद्याआधी करा.

कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे ज्याने कुठलेही अँगल लोखंड ठोकून 'चासी मजबूत' केली, त्याने जीवही धोक्यात घातला आणि गाडीचं विंटेजपणही घालवलं.

दादाने गाडी घेतली नाही. पण माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. परत निघताना तो हळूच म्हणाला, "जाऊ दे, आपण 'विचार करून कळवतो' म्हणू." मला ते पटलं नाही. मी आजोबांना टॉर्च दाखवून सगळं दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, रंगाऱ्याला मी पैसे दिले ते चांगलं दिसावं म्हणून. आत काय आहे ते मलाच कोणी सांगितलं नाही." त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. आपण गप्प निघून आलो असतो तर पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी दादा आला असता, आणि त्याच्यासोबत हातोडी नसती. मग पुढच्या घाटात जे होईल त्यात आपला वाटा नाही असं म्हणता येईल का?

काही जण म्हणतील, आपण विकत घेणारे, इन्स्पेक्टर नाही. पण मंडळी, आपण इंजिनिअर होणार आहोत! मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजताहेत असं सार्वजनिक बांधकाम खात्याने २० ऑगस्टच्या पत्रात लिहिल्याचं नंतर सगळ्या पेपरांत आलं. पुतळा का पडला याचा निवाडा मी करणार नाही. पण गंज कोणाला तरी दिसला होता, एवढं त्यातून कळतं. दिसलेला गंज वेळेत आणि मोठ्याने सांगणं, हाच आपला अर्धा धंदा आहे.

तेव्हा काशीदला बाइकवर जाणाऱ्या हॉस्टेलकरांनो, वाळूत बाइक घालू नका. घातलीच तर त्याच दिवशी साध्या पाण्याने खालून धुवा, विशेषतः स्टँड आणि स्विंग आर्मच्या सांध्यात. आणि वर्कशॉपच्या सर्वांना एक नम्र विनंती: फायलिंगचे जॉब आम्ही घासतोच आहोत, पण एक दिवस एखाद्या जुन्या गाडीखाली आम्हाला हातोडी आणि टॉर्च घेऊन घाला. सबमिशनला पाच पानं कमी लिहू, पण भद्द आवाज कसा असतो ते प्रत्येकाच्या कानाला कळेल. गोणपाट माझ्याकडे आहे, मी घेऊन येते!