खरं बोलणं कुणाला परवडतं?

"ताई, फॉर्मवर धर्म काय लिहू?" नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या एका मुलीनं दोन वर्षांपूर्वी मला विचारलं. एम. एस. डब्ल्यू. होऊन दहा वर्षं काम केलेली मी गप्प झाले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-मातंग' आहे. घरात बायबल आहे, रविवारी मायलेकी चर्चला येतात. मी म्हटलं, "दाखल्यावर आहे तेच लिही." त्या रविवारी उपासना संपल्यावर ती माझ्याशी न बोलताच निघून गेली.

मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे १८३१पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. माझे पणजोबा महारवाड्यातून चर्चमध्ये आले. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. माझ्या दाखल्यावर त्यांनी ठळक अक्षरांत 'ख्रिस्ती' लिहिलं. याचा मला अभिमान होता. आता वाटतं, घरात दरमहा पगार येत होता म्हणून आम्हांला खरं लिहिणं परवडलं. त्या मुलीची आई खुरपायला जाते.

तरी मीही पूर्ण खरं कुठे वागले? वस्तीत "बाटवायला आलीस का?" असं कुणी विचारेल, या धास्तीनं कित्येक वर्षं रविवारी "पाहुण्यांकडे जाते" असं सांगत होते. चळवळीतल्या मैत्रिणी कौतुकानं म्हणत, "तू ख्रिश्चन वाटत नाहीस हं!" पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आपण गौरवतो, १८८३च्या त्यांच्या बाप्तिस्म्यापाशी आलो की मात्र घुटमळतो. आता मी पहिल्याच बैठकीत सांगते : मी ख्रिस्ती आहे, रेशनकार्ड आणि मारहाणीच्या प्रश्नांवर काम करायला आले आहे, तुमचा धर्म मला बदलायचा नाही. चार बायका उठून गेल्या, तर दोघी नंतर परत येतात.

पण त्या मुलीची अडचण धिटाईनं सुटणारी नाही. ती कायद्यानं निर्माण केलेली आहे. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशानं हा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. ती ख्रिस्ती धर्म पाळते, तेव्हा केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी लबाडी आहे, असं न्यायालय म्हणालं. लबाडी कुणी शिकवली, हा प्रश्न राहिलाच.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींनाच संरक्षण देतो. उघडपणे ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्या दलित बाईवर सवर्णानं हात टाकला, तर तिला या कायद्याचा आधार नाही. हात टाकणारा मात्र तिची जात विसरलेला नसतो.

आमचं चर्चही सुटत नाही. व्यासपीठावरून सत्याचे पाठ दिले जातात आणि सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' अशी चौकशी होते. जात तिथे टिकून आहे, हे आम्ही ख्रिस्ती बायकांनी आधी मंडळीत उभं राहून कबूल केलं पाहिजे. "ख्रिस्ती झालात, आता जात कुठली?" या प्रश्नाला आमच्या खोट्या सोवळेपणानंच बळ मिळतं.

मैत्रिणींनो, दलित स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्ध आपण मोर्चे काढतो. जातीच्या संरक्षणाला लावलेली धर्माची अट काढून टाका, ही मागणी आपल्या निवेदनांत का नसावी? मुसलमान दलित बहिणींचाही हाच प्रश्न आहे. आपापल्या गटात चर्चा करून कळवा.

ती मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चर्चला येणं तिनं सोडलं आहे. कुणी पाहिलं तर, म्हणून.