तोंड दाखवा, मग धर्म सांगा

फराळाच्या ताटात वादाचा विषय वाढू नये, हा शिष्टसंमत नियम मला ठाऊक आहे. तरीही आज तो मोडतो आहे. गेल्या दिवाळीत आमच्या वाशिमच्या आळीत चकल्या तळता तळता शेजारच्या काकूंना घेरी आली. डॉक्टरांनी विचारले, "शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद केल्या?" काकू खालमानेने म्हणाल्या, "दीड महिना झाला. मोबाइलवरचे पाळक म्हणाले, विश्वास असेल तर औषध कशाला?"

काकू ख्रिस्ती होणार नव्हत्या, आणि कोणी त्यांना तसे म्हणतही नव्हते. कोणीतरी एक गोड भजन पाठविले, त्यामागून रोज सकाळी प्रार्थना येऊ लागली, दुपारी कुणाची साक्ष आणि रात्री व्याधिमुक्तीचे चमत्कार. बोलणाऱ्याचे गाव काकूंना ठाऊक नाही, धड नावही ठाऊक नाही. जाब विचारायचा तो कोणाला?

माझा वाद आहे तो एवढाच. ख्रिस्ती मंडळींनी धर्म सांगू नये असे मी म्हणत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रचाराचा हक्क सर्वांना दिला आहे. प्रचार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगून ठेवले आहे. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता तेव्हा १९५४ साली नियोगी समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला, आणि तेव्हापासून या प्रश्नावर दोन्हीकडून पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्या शाईत माझा थेंब मला मिसळायचा नाही. माझे म्हणणे निराळे आहे: ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याने धर्म सांगू नये.

जुने प्रचारक या कसोटीला उतरत होते, हे त्यांच्या विरोधकानेही मान्य करावे. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांनी ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत. १८४२ साली अहमदनगरला निघालेले 'ज्ञानोदय' घ्या. त्याच्याशी भांडायचे तर भांडायला एक गाव होते, एक छापखाना होता. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. आठवड्यामागून आठवडे वाद चालला, माणसे वाळूत बसून ऐकत राहिली. आणि त्या वादाचा वृत्तांत छापून काढला तो जॉर्ज बोएन या प्रतिपक्षाच्या मिशनऱ्याने! रेव्हरंड टिळकांना तर घरातच प्रश्न विचारणारी होती. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या माउलीने नवऱ्याचे म्हणणे आपल्या बुद्धीने तोलून पाहिले. मोबाइलमधला आवाज कोणाला पाच वर्षे देतो काय?

आणि वाशिमला दूर जायलाच नको. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन नाझरीन मिशनची बाई १९३६ साली भारतात आली आणि १९३८ साली तिने वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उघडले. चार दशके ती या भागात राबली. तिची येशूवर श्रद्धा होती, प्रार्थनाही ती करी. परंतु प्रार्थना झाल्यावर हात धुऊन शस्त्रक्रियेला उभी राही. तिने कधी 'औषध कशाला' म्हटले असते, तर रुग्णालय उघडण्याचे कारणच उरले नसते. मग मला सांगा, येशूचा खरा निरोप वाशिमला कोणी आणला? त्या डॉक्टरीणबाईने, की काकूंच्या गोळ्या बंद करणाऱ्या त्या बिनचेहऱ्याच्या आवाजाने? हा प्रश्न मी हिंदूंना विचारीत नाही, ख्रिस्ती बांधवांनाच विचारतो आहे. कारण त्या आवाजाने पहिला धक्का दिला तो त्यांच्याच रुग्णालयाच्या पुण्याईला.

कोणी म्हणेल, साधने नेहमीच बदलत आली. छापखाना आला तेव्हाही असाच ओरडा झाला होता. खरे आहे. १९३९ साली जॉय रिडरहॉफ या बाईंनी निरनिराळ्या बोलींत शुभवर्तमानाच्या तबकड्या काढण्याची संस्था सुरू केली. हाताने फिरवायच्या त्या तबकड्या पुढे रानोमाळ गेल्या. पण त्या वाजवायला बहुधा एक माणूस समोर बसलेला असे, आणि त्याला 'हे कशावरून?' असे विचारता येई. छापील पत्रकावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालण्याची सक्ती तर १८६७ च्या कायद्यानेच केली होती. साधन नवे म्हणून माझी तक्रार नाही; साधनामागचा माणूस नाहीसा झाला, ही तक्रार आहे.

आता आपल्याच अंगणात पाहू या. सकाळी दूरदर्शन संच लावावा तो कोणी बाबा अंगठी विकतो आहे, कोणी महाराज काढ्याने मधुमेह मुळासकट उपटतो आहे. त्यांना हात जोडायचे आणि पाळकावर काठी उगारायची, ही धर्मनिष्ठा नव्हे, हा निव्वळ दुटप्पीपणा झाला. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची वा मंत्रतंत्राची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला आहे. हे कायदे सर्व धर्मांच्या भोंदूंना सारखेच लागू पडतात. प्रार्थनेला जमलेल्या गरिबांच्या दारावर दगड मारणाऱ्यांनी ते आधी वाचावेत.

माझी मागणी लहान आहे. धर्म सांगणाऱ्याने आपले नाव आणि गाव सांगावे. प्रश्न आला तर उत्तर द्यावे, आणि तो प्रश्नही उत्तरासोबत लोकांपुढे ठेवावा. बोएनने ठेवला तसा. आणि आजाऱ्याला सांगताना पहिले वाक्य हे असावे: 'गोळी चुकवू नका.' एवढे जो पाळील त्याने खुशाल बोलावे, मग तो पाळक असो, कीर्तनकार असो वा मौलवी. आपण दिवाळीच्या पणत्या उंबरठ्यावर ठेवून त्याचे ऐकू, पटले नाही तर भांडू, आणि चहा पाजून निरोप देऊ.

काकू आता बऱ्या आहेत. भजन त्या अजूनही ऐकतात. चाल गोड आहे, म्हणतात. पण ऐकण्याआधी गोळी घेतात, आणि ती घेतली की नाही हे त्यांची सून रोज विचारते. यंदाच्या चकल्या त्यांनीच तळल्या आहेत.