तारखेचा रकाना

आधीच कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. कोणी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत आकडा करून घ्यावा लागतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं भांडण जुनंच आहे. तरीही यंदा मी इंग्रजी विभाग सोडून इकडे आलेय. ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती मला माझ्या आजीने समजावली, आणि तिच्या वाक्यांचं इंग्रजी करायला गेले तर त्यातला जीवच जातो. तेव्हा चुका पोटात घाला आणि वाचा.

गोष्ट रोज एक चित्र काढण्याची आहे.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात राहणाऱ्या ड्युएन कायझर या चित्रकाराने डिसेंबर २००४ मध्ये रोज पोस्टकार्डाएवढं एक चित्र रंगवायला सुरुवात केली, आणि त्याचं बघून जगभर असे ‘रोजवाले’ तयार झाले. २००९ मध्ये जेक पार्करने ऑक्टोबर महिन्यात शाईची ३१ चित्रं काढण्याचा उपक्रम सुरू केला, तो तर आपल्या हॉस्टेलवरही दोघी-तिघींनी करून पाहिलाय (एक जण तिसऱ्या दिवशी गारद, बाकीच्या सहाव्या!). मी ठरवलं, जलरंगात ३० दिवस. २० ऑगस्ट ते १८ सप्टेंबर २०२५. माझी चित्रकलेतली एकूण कमाई म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा, त्याही दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून दिलेल्या. पण उत्साह दांडगा होता.

इंजिनिअर असल्यामुळे सुरुवात अर्थातच हिशोबाने झाली. ३०० जीएसएमचा कागद, कारण पातळ कागद पाण्याने पापडासारखा फुगतो. एका ए-थ्री शीटचे बरोबर आठ ए-सिक्स तुकडे होतात. चार शीट म्हणजे ३२ तुकडे. ३० दिवसांना ३० आणि दोन जास्तीचे, बिघडले तर असावेत म्हणून. कॅम्लिनची रंगपेटी, दोन ब्रश, औषधाच्या बाटलीत पाणी. बस्स!

पहिले पाच दिवस मजेत गेले. मेसमधला स्टीलचा ग्लास, रूममेटची सुटलेली चप्पल, गॅलरीतल्या दोरीवरचे टॉवेल. पाचव्या दिवशी लक्षात आलं की टॉवेलची सावली काळी नसते, निळसर असते. एवढी वर्षं तोच टॉवेल बघत होते, पण पाहिला आत्ता! रोज काही करण्याचा फायदा काय असं विचाराल तर मी हे निळं सांगीन.

सहाव्या दिवशी, २५ ऑगस्टला, गणपतीसाठी घरी निघाले. सांगलीहून कोल्हापूर आणि तिथून एसटीने रत्नागिरी. चालत्या एसटीत जलरंग काढायचा विचार ज्याच्या मनात येतो त्याने आधी आंबा घाट करून बघावा. मी पेन काढलं. मलकापूर सुटल्यावर खिडकीची चौकट काढायला घेतली आणि प्रत्येक खड्ड्याची नोंद कागदावर उमटत गेली. सरळ रेघ एकही नाही. व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलला लावावा असा ग्राफ झाला. पण सगळ्या महिन्यातलं माझं सगळ्यात लाडकं चित्र तेच आहे. पावसाच्या दिवसांत तो घाट कसा चढतात-उतरतात ते त्यात खरोखर आहे.

प्रवास आणि चित्रकला यांचं नातं जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते जुळवलं एका ट्यूबने. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत ठेवायचे, त्या फुटायच्या, रंग वाळायचे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने मुडपता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग खिशात घालून रानात, नदीवर जाणं सोपं झालं. पुढे इम्प्रेशनिस्ट मंडळी उघड्यावर बसून रंगवू शकली त्यात या ट्यूबचा मोठा वाटा होता. म्हणजे इंजिनिअरिंगने कलेचं अगदीच वाटोळं केलेलं नाही!

तर, घरी पोचले. आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

२७ ऑगस्टला चतुर्थी. आमच्याकडे दोन्ही काका, काकू, मुंबईहून आलेली आत्या, सगळी मिळून सतरा माणसं. पहाटे पाचपासून मी नारळ खवत होते, मग मोदक, मग पंगती, मग भांडी, मग आरती, मग परत पंगत. रात्री साडेअकराला रंगपेटी उघडून बसले आणि तशीच भिंतीला टेकून झोपले. सकाळी जाग आली तेव्हा पेटी उघडी, कागद कोरा, आणि तारीख २८.

आता काय? सोपं आहे. २८ ला दोन चित्रं काढली, एक मोदकपात्राचं आणि एक समईचं. मोदकपात्राच्या कोपऱ्यात लिहिलं, २७ ऑगस्ट.

मित्र-मैत्रिणींनो, प्रामाणिकपणे सांगा, यात तुम्हाला काही वावगं वाटलं का? मलाही वाटलं नाही. हात इतका सरावलेला होता! फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी जीटी मारलेली आहे. काचेखाली बल्ब, काचेवर मैत्रिणीची शीट, त्यावर आपली. सगळ्या जर्नलचं लिखाण सबमिशनच्या आदल्या रात्री होतं आणि तारखेच्या रकान्यात मात्र जुलैपासूनच्या तारखा ओळीने, वेगवेगळ्या पेनने (हो, तेवढी काळजी आपण घेतो). रीडिंग्ज घेतली जात नाहीत, शिजवली जातात. मग एका मोदकपात्राचं काय एवढं?

पुढचं त्याहून वाईट. २ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन. त्या दिवशीचं चित्र दुपारी काढायला घेतलं तर वाळेचना. भाद्रपदातल्या कोकणात हवेतच एवढं बाष्प असतं की कागदातल्या पाण्याने जायचं कुठे? अर्धवट ओल्या रंगावर ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पसरतात. मी चुलीजवळ धरून बघितलं, तर तिथे भाताच्या हंड्याची वाफ! इकडे सगळे निघाले. आई म्हणाली, “चल गं, आजी पण येतेय नदीपर्यंत.” मी म्हटलं, “पाच मिनिटं. तुम्ही व्हा पुढे.”

पाच मिनिटांची पस्तीस झाली. टाळांचा आवाज वळणावर गेला, लहान झाला, बंद झाला. मी पडवीत एकटी बसून विसर्जनाचं चित्र पूर्ण करत होते. मनाने काढलेलं. नदी गेल्या वर्षीची, माणसं पाठमोरी म्हणजे चेहरे नकोत. चित्र वेळेत झालं. चौदाव्या दिवशी चौदावं चित्र हजर! आणि मंडळी परत आली तेव्हा आत्या सांगत होती की आजी या खेपेला काठी टाकून, काकाच्या खांद्यावर हात ठेवून गुडघाभर पाण्यात उतरली, आणि मूर्ती सुटेपर्यंत तिने हात जोडलेले खाली घेतले नाहीत. आजी ब्याऐंशीची आहे. गेली दोन वर्षं ती नदीवर गेलीच नव्हती.

माझ्या चित्रात आजी नाही. असणार कशी?

रात्री आजीने सगळी चित्रं मागितली. चष्मा लावून एकेक बघत होती. मोदकपात्रापाशी थांबली.

“हे चतुर्थीला कधी काढलंस गो? तू तर दिवसभर आमच्यात होतीस.”

“दुसऱ्या दिवशी काढलं. पण एक दिवस रिकामा जाऊ नये म्हणून…”

“मग रिकामा गेला तर गेला.”

मी तिला समजवायला लागले की या उपक्रमाचा नियमच तसा असतो, सलग झालं पाहिजे, मध्ये भोक पडलं की मजा जाते वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, “मी या घरात आल्यापासून दारात रांगोळी घालते. तुझे आजोबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत घातली नाही. सुतकात घालत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारावरून कळायचं, घरात काय झालंय ते. मागाहून मी काय तेरा रांगोळ्या घालून भरून काढू?”

आणि झोपायला गेली. मी मात्र जागीच.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आमच्या घरी साठ वर्षं रोज एक चित्र काढलं जात होतं. त्याला कोणी चॅलेंज म्हटलं नाही, मोजलं नाही, जपून ठेवलं नाही. पावसात ते पुसून जायचं आणि सकाळी परत. आणि त्या साठ वर्षांतले कोरे दिवस हे चुकलेले दिवस नव्हतेच. तेही त्या नोंदीचाच भाग होते. दार कोरं होतं कारण घर कोरं होतं.

हॉस्टेलवर परत आल्यावर ऑन कावारा या जपानी चित्रकाराबद्दल वाचलं. त्याने ४ जानेवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक मालिका सुरू केली. कॅनव्हासवर फक्त त्या दिवसाची तारीख रंगवायची. शंभराहून जास्त शहरांत फिरला आणि सुमारे तीन हजार तारखा त्याने रंगवल्या. नियम एकच कडक होता : चित्र त्याच दिवशी पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर ते नष्ट करायचं. रोज काढलंच पाहिजे असा नियम नव्हता! काही दिवस एकही नाही, काही दिवस एकाहून जास्त. म्हणजे अख्खं आयुष्य तारखा रंगवणाऱ्या माणसाने ‘एकही दिवस चुकता कामा नये’ हे धरलं नाही, ‘तारीख खोटी असता कामा नये’ हे धरलं. न्यूयॉर्कचा कावारा आणि रत्नागिरीची आजी एकच बोलतात, आता बोला!

माझं मत इतकंच आहे. रोज काहीतरी करण्याचा संकल्प चांगला, मी कोणालाही करायला सांगीन. पण ‘सलग’ या शब्दाची नशा चढली की आपण कामासाठी काम न करता आकड्यासाठी करायला लागतो. मग दोन गोष्टी घडतात. एक तर आकडा टिकवण्यासाठी आपण खोटं लिहितो, नाहीतर आकडा टिकवण्यासाठी समोरचं खरं माणूस सोडून देतो. मी एका आठवड्यात दोन्ही केलं.

यावर कोणी म्हणेल, अशी सूट दिली तर आळशी माणसाला कुरणच! आज मूड नाही, ठेव कोरा. आक्षेप बरोबर आहे, मी आळशी असल्यामुळे मला तो आतून ठाऊक आहे. पण अनुभव उलटा आला. खोटी तारीख टाकता येते हे माहीत असलं की आजचं उद्यावर ढकलणं फार सोपं जातं. कोरा कागद कोराच राहणार, आणि तो कायम आपल्या डोळ्यांसमोर राहणार, हे कळलं की तो ठेवायला जीव होत नाही. ठेवायचाच तर कारण तेवढं मोठं लागतं.

माझ्याकडे ते कारण ११ सप्टेंबरला आलं. रूममेटला १०३ ताप. रेक्टर मॅडमची परवानगी, रिक्षा, दवाखाना, सलाईन. रात्री एक वाजता परत आलो. त्या दिवशीचा कागद कोरा आहे, मागे फक्त तारीख. एकाही चित्राकडे बघून मला एवढं बरं वाटत नाही.

जाता जाता एक विनंती सरांना आणि मॅडमना, लहान तोंडी मोठा घास. जर्नलमध्ये ‘हे प्रॅक्टिकल उशिरा लिहिलं, अमुक तारखेला’ असं खरं लिहिणाऱ्याचे मार्क जातात आणि वेगवेगळ्या पेनने खोट्या तारखा टाकणाऱ्याचे पूर्ण मिळतात, तोवर आम्ही पेनच बदलत राहू. उशिराचे मार्क जरूर कापा. फक्त खऱ्या तारखेला खोट्या तारखेपेक्षा एक मार्क जास्त द्या. उद्या आमच्यातलेच कोणी पुलाच्या तपासणीच्या रजिस्टरवर, बॉयलरच्या लॉगबुकवर सही करणार आहेत. तिथेही तारखेचा रकाना असतो, आणि तिथे शिजवलेलं रीडिंग माणसाच्या जिवावर बेततं.

हिशोब पूर्ण करते. बुटाच्या खोक्यात आज २९ चित्रं आहेत आणि दोन कोरे कागद, २७ ऑगस्टचा आणि ११ सप्टेंबरचा. मोदकपात्रावरची तारीख खोडून २८ केली आहे, खाडाखोड दिसते, दिसू दे. विसर्जनाच्या चित्रामागे लिहिलंय, ‘मी तिथे नव्हते.’

३२ पैकी एक तुकडा उरलाय. तो आजीच्या विसर्जनासाठी ठेवलाय, ती परत नदीवर येईल तेव्हासाठी. पण त्या दिवशी रंगपेटी नेणार नाही. आजीला एका बाजूने काकाचा खांदा असतो, दुसऱ्या बाजूला माझा हात रिकामा हवा. चित्र दुसऱ्या दिवशी काढीन, आणि तारीखही दुसऱ्या दिवसाचीच घालीन.