विश्लेषण : डिझेलमध्ये पाणी गेल्यास गाडी बंद का पडते? फ्युएल फिल्टर घरी बदलता येतो का?

मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यासाठी आणलेल्या १९ गाड्या जून २०२५ मध्ये रतलामजवळ एकापाठोपाठ एक बंद पडल्या. पंपावर डिझेल भरून त्या थोडेच अंतर गेल्या होत्या. टाक्या उघडल्या तेव्हा डिझेलसोबत पाणी निघाले. प्रशासनाने पंप सील केला. पावसाचे पाणी पंपाच्या टाकीत झिरपल्याचे कारण पुढे आले. ताफ्यासाठी दुसऱ्या गाड्या मागवता आल्या. सामान्य गाडीमालकाला मात्र ही सोय नसते. त्याच्या इंजिनाचा बचाव करणारा एकच स्वस्त भाग गाडीत असतो, तो म्हणजे फ्युएल फिल्टर.

फिल्टर नेमके काय करतो?

आजच्या डिझेल गाड्यांत ‘कॉमन रेल’ पद्धत असते. तिच्यात डिझेल १,६०० ते २,००० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने इंजेक्टरच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो, यावरून त्याची कल्पना येईल. इतक्या दाबाखाली डोळ्यांना न दिसणारा कणही पंप आणि इंजेक्टर झिजवतो.

पाणी आणखी घातक. पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच. मध्ये पाणी आले की वंगण तुटते आणि गंज चढतो. फिल्टर हे कण अडवतो आणि पाणीही वेगळे करतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते फिल्टरच्या तळाशी साचते. अनेक गाड्यांत तिथे सेन्सर असतो. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा दिवा पेटूनही गाडी पळवत राहणे म्हणजे काही शे किंवा काही हजार रुपयांच्या फिल्टरसाठी त्याच्या कितीतरी पट महाग इंजेक्टर पणाला लावणे.

घरी बदलता येतो का?

गाडी कोणती, यावर उत्तर अवलंबून आहे. बऱ्याच गाड्यांत फिल्टर बॉनेटखाली, हात पोहोचेल असा असतो. अशा ठिकाणी पाने-पकड हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम जमते. फिल्टर गाडीच्या पोटाखाली असेल किंवा नंतर स्कॅनर जोडावा लागत असेल, तर गॅरेजच बरे. किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कंपनीनुसार हा आकडा बदलतो, त्यामुळे ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

काम कसे करतात?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. जागा हवेशीर हवी आणि जवळपास विडी-सिगारेट, ठिणगी नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. फिल्टरभोवतीची धूळ आधी पुसावी, नाहीतर तीच आत जाते. खाली भांडे ठेवून तळाचा ड्रेन स्क्रू सैल करायचा, म्हणजे पाणी आणि जुने डिझेल निघते. सेन्सरचा प्लग आणि नळ्या सोडवताना त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर जोडताना घोळ होत नाही. नवा फिल्टर बाणाची दिशा पाहून बसवायचा. जुने रबरी ओ-रिंग काढून नवेच घालायचे आणि त्यावर स्वच्छ डिझेलचा हात फिरवायचा.

खरी अडचण इथून पुढे असते. बदलताना नळीत हवा शिरते आणि हवा असेपर्यंत इंजिन सुरू होत नाही. काही गाड्यांत हाताने दाबायचा प्रायमर असतो. तो कडक होईपर्यंत दाबायचा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, स्टार्ट न करता चावी काही वेळा ‘ऑन-ऑफ’ केली की डिझेल पुढे येते. त्यानंतर इंजिन सुरू करून गळती तपासायची.

कुठे चुकते?

हवा काढण्यासाठी इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट सैल करण्याचा सल्ला समाजमाध्यमांवरील व्हिडिओंत सर्रास दिसतो. जुन्या इंजिनांत ते चालत असे. कॉमन रेलमध्ये असा दाबाचा फवारा कातडीत घुसून गंभीर इजा करतो. दुसरी चूक म्हणजे लांबलचक स्टार्टर मारणे. त्यात बॅटरी उतरतेच, शिवाय पंप कोरडा फिरतो. तिसरी चूक म्हणजे काढलेले डिझेल गटारात ओतणे. ते बंद डब्यात ठेवून गॅरेजकडे द्यावे.

आणि रतलामसारखा प्रकार घडला, म्हणजे टाकीतच भरपूर पाणी गेले, तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही. गाडी पुन्हा सुरू न करता टो करून न्यावी. टाकी रिकामी करून पूर्ण इंधनमार्ग साफ करावा लागतो.

वॉरंटीचे काय?

सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देऊन स्वतंत्र गॅरेजांची कोंडी केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत वाहनेही आहेत. तरीही वॉरंटीच्या काळात बिघाड झाला, तर घरच्या कामाकडे बोट दाखवले जाण्याची शक्यता राहतेच. म्हणून तोवर अधिकृत सेंटरमध्ये काम करून घेणे सोयीचे. घरी केलेच तर फिल्टरचे बिल, तारीख आणि किलोमीटरची नोंद ठेवावी.

पंपावर ग्राहकाच्या हाती काय?

पंपावर इंधनाची घनता तपासून दाखवा, असे ग्राहक सांगू शकतो. मुसळधार पावसानंतर शंका आल्यास टाकीतील पाण्याची तपासणी करण्याचा आग्रहही धरता येतो. डिझेल भरल्याचे बिल मात्र नेहमी घ्यावे. गाडी बंद पडल्यावर डिझेल कोणत्या पंपावरचे होते, हे सिद्ध करणारा तोच कागद असतो.