मैदान तीन दिवस अडलं तर राग, जमीन जन्मभर अडली तर?



आझाद मैदानात तीन रात्री मुक्काम करून आपण परत आलो. पाड्यापाड्यावर बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट निघाली. बाया सांगतात, शहरातली माणसं नाकाला रुमाल लावून जात होती. कोणी म्हणालं, यांना कामधंदा नाही का? कोणी म्हणालं, पोरांचं खेळायचं मैदान घाण केलं. कोणी म्हणालं, पैसे देऊन आणलेत. हे ऐकून आपले काही भाऊ मान खाली घालून आले. पुढच्या टायमाला येत नाही म्हणतात.

म्हणून हे लिहितो. मान खाली घालायचं काही कारण नाही.

पैसे देऊन आणलं म्हणतात. घरटी एक माणूस, दोन किलो तांदूळ आणि तिकिटाचे पैसे, हे आपणच गोळा केले. कामधंदा नाही का म्हणतात. तीन दिवसांची मजुरी बुडाली ती आपलीच. घाणीचं मात्र खरं आहे. पत्रावळ्या, पाण्याच्या पिशव्या आपण टाकल्या. ती चूक आपली, ती आपणच सुधारायची. पण हजारो माणसांना मोजके संडास आणि एक टँकर, ही चूक कोणाची? बाया अंधार पडायची वाट बघत बसत होत्या. त्याचा राग कोणाला आला नाही.

आता नियमाचं बोलू. संध्याकाळी सहाला पोलीस म्हणाले, वेळ संपली, उठा. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आंदोलनालाही सुरुवातीला अशीच परवानगी होती: एक दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, माणसं पाच हजार. त्यांची मागणी वेगळी, आपली वेगळी. पण हा नियम सगळ्यांना सारखाच लागतो. सहाला मैदान सोडलं तर लोकलनं कसाऱ्याला पोचेपर्यंत रात्रीचे नऊ. पुढं पाड्याला जाणारी एस.टी. कधीच गेलेली. जो दादर-परळला राहतो तो सहाला घरी जाईल. आपण कुठं जायचं? लांबच्या माणसानं बोलूच नये, असाच ह्या नियमाचा अर्थ झाला.

काही जण म्हणतात, आंदोलन करा, पण कोणाला त्रास न देता करा. साथींनो, आपण तेही करून बघितलं. मार्च २०१८ ला नाशिकहून १८० किलोमीटर चालत शेतकरी-आदिवासी मुंबईत आले. पायाची सालं निघाली होती. सायनच्या सोमय्या मैदानात जरा पाठ टेकली. पण सकाळी दहावीचा पेपर, पोरांना त्रास नको, म्हणून रात्रीच उठून आझाद मैदान गाठलं. मुंबईनं तेव्हा पाणी दिलं, खाऊ दिला, चपला दिल्या. ते आम्ही विसरलो नाही, विसरणारही नाही. १२ मार्चला सरकारनं लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू.

मग २०१९ ला परत का निघावं लागलं? २०२३ ला वाशिंदपर्यंत परत का चालावं लागलं? कौतुकानं पोट भरत नाही आणि सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असेल ती जमीन, चार हेक्टरपर्यंत, त्याच्या हक्काची. आपल्या बापांनी त्याच्याही आधीपासून नाचणी-वरई पिकवली. फॉरेस्टवाल्यांनी अतिक्रमण म्हणून दंड केला. त्या दंडाच्या पावत्या म्हातारीनं डब्यात जपून ठेवल्या. आज त्याच पावत्या आपला पुरावा आहेत. तरी कचेरीत म्हणतात, पुरावा अपुरा.

शहरातल्या भावा-बहिणींना आमचं सांगणं आहे. तीन दिवस तुमचं मैदान अडलं तर तुमच्या जिवाची एवढी तगमग झाली. आम्ही तर स्वतःच्याच शेतात पिढ्यान् पिढ्या अतिक्रमणवाले म्हणून राहतोय. तुमचा राग खोटा नाही, पण त्याचा पत्ता चुकला. आमची फाईल ज्यानं दाबून ठेवली त्यानंच तुमचं मैदान अडवलं. त्याला विचारा.

आणि गावच्या साथींनो, तुम्हीही शहरवाल्यांवर राग धरू नका. तिथला हमाल, झोपडीवाला, त्यालाही कोणी तरी अतिक्रमणच म्हणतं.

येत्या ग्रामसभेत ही कामं करा :

१. ज्याचा दावा नामंजूर, त्यानं कारणासह लेखी कागद मागावा. तोंडी नकार घेऊ नका. अपिलाला मुदत ६० दिवस.

२. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. कायद्यात तोही पुरावा आहे.

३. पुढच्या मुक्कामाला दर पाड्याची झाडू टोळी राहील. मैदान घेतलं तसं साफ करून परत द्यायचं.

पण परत द्यायचं ते सातबारा घेऊनच!

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!